तुमचा प्रोग्राम नेमकं काय पाठवतो?

गेल्या अंकात मी विचारलं होतं, की दुसऱ्या कुणाची वेब सर्व्हिस (इंटरनेटवरून दुसऱ्या प्रोग्रामना काम करून देणारा प्रोग्राम) आपल्या प्रोग्राममधून वापरताना कुठे अडता ते कळवा. पत्रं भरपूर आली. बहुतेकांचा सूर एकच: ‘त्यांचं जावात आहे, आमचं पीएचपीत, म्हणून जमत नाही.’ प्रोग्रामिंगच्या भाषेवर एवढा राग कशाला? सर्व्हरला तुमची भाषा दिसतच नाही. त्याच्या दारात येतो तो एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या ठरलेल्या पद्धतीनं, आलेला मजकूर, मग तो पायथननं पाठवलेला असो की कोबोलनं. म्हणून एक विनंती करते. पत्रासोबत कोडची पानं जोडू नका, तुमच्या प्रोग्रामनं पाठवलेली कच्ची रिक्वेस्ट (मागणीचा जसाच्या तसा मजकूर) आणि आलेला कच्चा रिस्पॉन्स (उत्तराचा तसाच मजकूर) जोडा. या वेळी ज्यांनी ती जोडली त्यांना सविस्तर उत्तर मिळालंय, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: नमस्कार ताई. साखर कारखान्याच्या सभासद नोंदणीचं काम माझ्याकडे आहे. फॉर्म ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टचा; नोंद होते जावातल्या जुन्या सर्व्हिसमार्फत. फॉर्मवर १ जून भरलं की नोंदीत ३१ मे येतं. आमच्या निम्म्या सभासदांची जन्मतारीख १ जूनच आहे, त्यामुळे बोभाटा झालाय. आणखी एक कोडं: लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) बहुतेकांच्या तारखेपुढे १८:३० अशी वेळ दिसते, पण मोजक्या म्हाताऱ्या सभासदांपुढे १७:३०. आम्ही फॉर्मवर वेळ मागतच नाही. लॉग जोडला आहे. – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर: लॉग जोडलात, फार बरं केलंत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून अशी उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं असतं! जन्मतारखा वर्षभर विखुरलेल्या असत्या, तर ही चूक तुमच्या लक्षातही आली नसती.

जावास्क्रिप्टच्या ‘डेट’मध्ये तारीख नसते, क्षण असतो. तुम्ही वर्ष, महिना, दिवस देऊन ‘डेट’ बनवलीत, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे १ जूनची मध्यरात्र धरली गेली. मग ती जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुराच्या साच्यात) गेली तेव्हा जावास्क्रिप्टनं तिचं यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, करून टाकलं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणून १ जून १९६२ची मध्यरात्र लॉगमध्ये ‘१९६२-०५-३१’ आणि पुढे १८:३० अशी उमटली, शेवटी यूटीसीची खूण असलेलं ‘झेड’ अक्षर. पलीकडच्या जावा सर्व्हिसनं पहिली दहा अक्षरं घेतली आणि बाकीची टाकून दिली. दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीनं बरोबर वागले आणि सभासद मे महिन्यात जन्मला.

१७:३०वाले सभासद मला फार आवडले. त्यांच्यातल्या १ जूनवाल्यांची जन्मवर्षं काढून बघा, १९४३, १९४४ किंवा १९४५ निघतील. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, आपल्याकडची घड्याळं आणखी एक तास पुढे होती, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. जगभरच्या टाइमझोनांचा इतिहास ज्या डेटाबेसात आहे त्यात ही नोंद आहे आणि आजचे ब्राउझर तो डेटाबेस वापरतात. म्हणून १ जून १९४२ला जन्मलेल्या आजोबांपुढे १८:३० दिसेल आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला जन्मलेल्यांपुढे १७:३०. कुणी ‘नुसते साडेपाच तास मिळवा, तारीख सुधारेल’ असा उपाय सुचवला असेल तर तो नेमका याच म्हाताऱ्यांना फसवेल. ३१ मेच्या १७:३०मध्ये साडेपाच तास मिळवले तर रात्रीचे अकरा वाजतात. तारीख ३१ मेच.

इलाज साधा आहे. जन्मतारखेची ‘डेट’ बनवूच नका. फॉर्मवरच्या तारखेच्या चौकटीतून ‘१९६२-०६-०१’ अशी अक्षरं मिळतात, ती तशीच पाठवा. पलीकडे जावात ती ‘लोकलडेट’मध्ये घ्या, जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, हा प्रकार उपलब्ध आहे आणि त्याला वेळ नाही, टाइमझोनही नाही. उद्या हीच सर्व्हिस कुणी सी शार्पमधून वापरली तर त्यांना डॉटनेट ६ पासून ‘डेटओन्ली’ मिळतं, पायथनवाल्यांकडे ‘डेट’ आधीपासून आहेच. सर्व्हिसच्या वर्णनातही त्या फील्डचा प्रकार ‘डेटटाइम’ न ठेवता ‘डेट’ करून घ्या.

झालेल्या नोंदींबद्दल: सरसकट एक दिवस वाढवू नका. काउंटरवर दुसऱ्या प्रोग्राममधून भरलेल्या नोंदी बरोबर असतील, त्या २ जून होतील. लॉगमध्ये ज्यांच्यापुढे १८:३० किंवा १७:३० आहे तेवढ्याच दुरुस्त करा. लॉग नसलेल्यांची कागदपत्रं काढावी लागतील, त्याला पळवाट नाही.

प्रश्न: आम्ही ‘या वेळेनंतरचे व्यवहार द्या’ अशी रिक्वेस्ट यूआरएलमध्ये वेळ घालून पाठवतो, शेवटी +०५:३०. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी वापरली की चालतं, शेल स्क्रिप्टमधून कर्ल या कमांडनं तीच यूआरएल पाठवली की ‘तारीख अवैध’. – पुणे

उत्तर: यूआरएलच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा, असा जुना रिवाज आहे. सर्व्हरला ‘ ०५:३०’ मिळतं, पुढे मोकळी जागा. पायथनला तुम्ही पॅरामीटर वेगळे दिलेत म्हणून त्यानं चिन्हाचं सांकेतिक रूप करून पाठवलं. कर्लला तुम्ही जोडलेली अक्षरं दिलीत, त्यानं निमूट पाठवली. कर्लमध्ये ‘डेटा-यूआरएलएन्कोड’ पर्याय आहे, ‘गेट’च्या पर्यायासोबत तो वापरा. हिवाळ्यात लंडनमध्ये बसून टेस्टिंग करणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही, कारण तो शेवटी ‘झेड’ लिहितो.

प्रश्न: ताई, आमची पतसंस्था आहे. कर्जखात्यांची माहिती देणारी सोप (एक्सएमएलमधून देवाणघेवाण करायची जुनी पद्धत) सर्व्हिस एका कंपनीनं जावात करून दिली, आमची वेबसाइट पीएचपीत. दोन-तीन कर्जं असलेल्या सभासदाचं पान व्यवस्थित येतं. एकच कर्ज असेल तर चार विचित्र ओळी दिसतात आणि लॉगमध्ये वॉर्निंगचा पाऊस. कंपनी म्हणते, त्यांच्या जावा क्लायंटमध्ये (सर्व्हिस वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये) सगळं ठीक आहे. – सांगली

उत्तर: कंपनी खरं बोलतेय, आणि तुम्हीही.

सोपचा मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावून लिहिलेला, असतो आणि एक्सएमएलमध्ये यादी अशी वेगळी गोष्ट नसते. ‘कर्ज’ नावाचा टॅग तीनदा आला तर वाचणाऱ्यानं त्याला यादी समजायचं. एकदाच आला तर? ती एका कर्जाची यादी की सुटं एक कर्ज, हे त्या मजकुरावरून कळत नाही. ते डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं, ‘हा टॅग कितीही वेळा येऊ शकतो’ असं. जावा आणि सी शार्पमध्ये डब्ल्यूएसडीएलवरून क्लासेस बनतात, त्यात यादीचं फील्ड यादीच राहतं, आत एक असो नाहीतर शंभर. पायथनची ‘झीप’ ही सोपसाठीची लायब्ररीही यादीच देते. पीएचपीचा ‘सोपक्लायंट’ मात्र सांगितलं नाही तर एकट्या घटकाची यादी मोडून सुटं ऑब्जेक्ट हातात ठेवतो. तुमचं ‘फॉरईच’ मग त्या ऑब्जेक्टच्या आत शिरतं आणि खातं क्रमांक, रक्कम, व्याजदर, तारीख यांनाच एकेक कर्ज समजतं. त्या चार ओळी त्याच.

‘सोपक्लायंट’ बनवताना ‘फीचर्स’ या पर्यायात ‘सोप सिंगल एलिमेंट अॅरेज’ हा स्थिरांक द्या. (इंग्रजीत, कॅपिटलमध्ये, अंडरस्कोअरसह.) कर्जच नसलेला सभासद वेगळा तपासा, तिथे ते फील्डच आलेलं नसेल, म्हणून ‘इससेट’ लावल्याशिवाय हात घालू नका. आणि ‘ट्रेस’ चालू करून शेवटची रिक्वेस्ट आणि शेवटचा रिस्पॉन्स छापून बघायची सवय लावा, ‘सोपक्लायंट’मध्ये त्यासाठी दोन मेथड तयार आहेत. या सवयीनं कंपनीशी होणारे निम्मे फोन वाचतात.

दुसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही पण पुढच्या महिन्यात विचाराल: कंपनीनं सर्व्हिसमध्ये नवं फील्ड घातलं आणि तुम्हाला ते दिसलं नाही, तर आधी टेम्प फोल्डर बघा. पीएचपी डब्ल्यूएसडीएलची प्रत तिथे ठेवतं आणि मुळात सेटिंग ८६,४०० सेकंदांचं असतं, म्हणजे पुरा एक दिवस. ‘काल चाललं नाही, आज आपोआप चालायला लागलं’ ही तक्रार बहुधा तिथली असते.

प्रश्न: आम्ही गावांची यादी दोन प्रोग्राममधून एकाच सर्व्हिसला पाठवतो. एक मोबाइल ॲप, एक ऑफिसातला जावा प्रोग्राम. ‘कऱ्हाड’ दोनदा दिसतं. डोळ्यांना एकसारखं, पण तुलना केली की वेगळं. ‘वाई’, ‘फलटण’ यांना काही होत नाही. शिवाय ऑफिसातल्या एका जुन्या विंडोज मशीनवरून पाठवलं की सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन जातात. – सातारा

उत्तर: वाई, फलटण यांच्यात तो अर्धा ‘ऱ’ नाही म्हणून ती सुटली. हा आपला, मराठीचा खास अक्षरप्रकार. हिंदीसाठी लिहिलेल्या मदतपानांवर याबद्दल काही सापडणार नाही.

युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दोन: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’. पडद्यावर दोन्ही सारखे. पहिल्या तऱ्हेनं ‘कऱ्हाड’ सहा चिन्हांचं, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) १८ बाइटचं. दुसऱ्या तऱ्हेनं सात चिन्हांचं आणि २१ बाइटचं. एक कीबोर्ड हे देतो, दुसरा ते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या डेटात तर दोन्ही सापडू शकतात.

‘युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करा’ असा सल्ला कुणीही देईल. करा, पण तेवढ्यावर थांबू नका. ‘र’खाली नुक्ता देऊन बनवलेला ‘ऱ’ त्यानं मूळच्या ‘ऱ’शी जुळतो, जॉइनरवाला जुळत नाही. त्यासाठी स्वतःची एक ओळ लिहावी लागते: ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसलं की तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला. ही ओळ सर्व्हिसमध्ये लिहा. दोन्ही क्लायंटमध्ये लिहिलीत तर तिसरा क्लायंट येईल तेव्हा कुणीतरी विसरेल. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर नावावरून गाव जुळवणं बंदच करा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. तो पाठवा, नाव फक्त माणसाला दाखवण्यापुरतं ठेवा.

प्रश्नचिन्हांचं उत्तर सोपं आहे. कोडमध्ये कुठेतरी ‘गेटबाइट्स’ला कंसात काही न देता बोलावलंय. तिथे जुनं जावा त्या मशीनचं स्वतःचं एन्कोडिंग वापरतं, विंडोजवर ते बहुधा पाश्चात्त्य लिपीचं असतं आणि त्यात देवनागरी बसत नाही. जावा १८ पासून, २०२२ साली, सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ ठरलं. जावा बदलणं शक्य नसेल तर यूटीएफ-८चं नाव स्वतः लिहा. त्याच फाइलमध्ये ‘कंटेंट-लेंग्थ’ (पाठवलेल्या मजकुराची बाइटांतली लांबी) हातानं मोजली असेल तर तीही बघा: ‘पुणे’ची लांबी जावाच्या हिशेबी ४, तारेवरून जाणारे बाइट १२. अक्षरं मोजून पाठवलीत तर सर्व्हर पहिले चार बाइट वाचून गप्प बसतो आणि तुम्ही त्याच्या नावानं खडे फोडता.

प्रश्न: सर्व्हिसची यूआरएल ब्राउझरमध्ये उघडते, कुलूपही दिसतं. जावातून ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ आणि पायथनमधून ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’. मित्रानं सांगितलं, पायथनमध्ये ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ दे. दिलं, चाललं. मग जावात काय देऊ? – ठाणे

उत्तर: आधी ते ‘फॉल्स’ काढा. त्यानं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला, तपासणंच बंद होतं; मधे कुणीही बसून सर्व्हरचं सोंग आणू शकतो आणि तुमचा प्रोग्राम त्याला पासवर्ड देऊन मोकळा होईल. जावात असं काही करण्याचा मार्ग आहे, पण मी सांगणार नाही.

बहुधा झालंय असं, की सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट पाठवतोय, पण त्याला मूळ संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट पाठवत नाहीये. ब्राउझर समंजस असतात. ते मधली कडी स्वतः शोधून आणतात किंवा त्यांच्याकडे ती आधीच असते. जावा आणि पायथन ती आणायला जात नाहीत. ‘ओपनएसएसएल’च्या ‘एस-क्लायंट’ला ‘शोसर्ट्स’ पर्याय देऊन त्या सर्व्हरला जोडून बघा. एकच सर्टिफिकेट आलं तर तेवढा मजकूर सर्व्हिसवाल्यांना पाठवा. दुरुस्ती त्यांच्या सर्व्हरवर दहा मिनिटांची आहे. ते ऐकेपर्यंत ते मधलं सर्टिफिकेट तुमच्या बाजूला जोडून काम चालवता येईल. जावाची विश्वासू सर्टिफिकेटांची फाइल वेगळी आणि पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ची वेगळी, म्हणून दोन ठिकाणी जोडावं लागेल.

प्रश्न: व्यवहार क्रमांकाचे शेवटचे अंक जावास्क्रिप्टमध्ये बदलतात. – नागपूर

उत्तर: ९,००७,१९९,२५४,७४०,९९१च्या वरचे पूर्णांक जावास्क्रिप्टचा नेहमीचा ‘नंबर’ नेमके धरू शकत नाही. जेसनमध्ये क्रमांक अवतरणात, अक्षरं म्हणून मागवा. ट्विटरनं २०१०मध्ये याच कारणानं प्रत्येक ट्विटच्या क्रमांकासोबत त्याची अक्षरी प्रत द्यायला सुरुवात केली होती. खाते क्रमांकही असेच अक्षरी ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातील. ज्याची बेरीज कुणी करणार नाही, ती संख्या नव्हे.

प्रश्न: मी अंतिम वर्षाला आहे. सोप आता मेलंय, मग शिकू का? – कोल्हापूर

उत्तर: वर सांगलीचं पत्र वाचा. बँका, विमा, सरकारी खाती यांच्याकडे २००३च्या आसपास घातलेली सोपची पाइपलाइन अजून वाहते आहे. आठवडाभर द्या, पुरे. एवढं मात्र माहीत असू द्या, की जावा ११ मध्ये, २०१८ साली, सोपचा भाग जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढला. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं ‘डब्ल्यूएसइम्पोर्ट’ (डब्ल्यूएसडीएलवरून क्लासेस बनवणारं साधन) सापडलं नाही तर तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही. ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं.

प्रश्न: आमच्या दुकानाच्या बिलिंगमधून पैसे जमा करणारी सर्व्हिस बोलावतो. सी शार्पमध्ये लिहिलं तेव्हा कधीतरी ‘टाइमआउट’ (ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, अशी चूक) यायचा, म्हणून प्रोग्राम पुन्हा बोलावतो. आता काही ग्राहकांचे पैसे दोनदा जमा दिसतात. पायथनमध्ये पुन्हा लिहिलं तर प्रोग्राम तासन्‌तास अडकून बसतो. – रत्नागिरी

उत्तर: दोन वेगळे प्रश्न आहेत, पण मूळ एक. सी शार्पचा ‘एचटीटीपीक्लायंट’ सांगितलं नाही तर १०० सेकंद वाट बघतो, पीएचपीचं सॉकेट ६०. पायथनचं ‘रिक्वेस्ट्स’ आणि जावाचं जुनं ‘एचटीटीपीयूआरएलकनेक्शन’ यांना मर्यादाच नसते, तुम्ही घालेपर्यंत बसून राहतात. तेव्हा पायथनमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला ‘टाइमआउट’ स्वतः द्या, जोडणीसाठी वेगळा आणि उत्तरासाठी वेगळा.

आता दुप्पट पैशांबद्दल. टाइमआउट म्हणजे ‘काम झालं नाही’ असं नव्हे, उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं नाही एवढंच. पलीकडे पैसे जमा होऊन गेलेले असू शकतात. तुम्ही ‘पोस्ट’ प्रकारची रिक्वेस्ट पुन्हा पाठवलीत की तो नवा व्यवहार. म्हणून प्रत्येक बिलाला तुमच्याकडे एक संदर्भ क्रमांक पक्का करा, पहिली रिक्वेस्ट पाठवण्याआधी तो डेटाबेसात लिहा आणि पुन्हा पाठवताना तोच पाठवा, नवा बनवू नका. सर्व्हिस तो ओळखत असेल तर दुसऱ्यांदा आल्यावर जुनंच उत्तर देईल. ओळखत नसेल तर स्थिती विचारणारी वेगळी सर्व्हिस त्यांच्याकडे असते का बघा. टाइमआउट झाला की आधी ती बोलवा, ‘सापडला नाही’ असं स्पष्ट आलं तरच पुन्हा पाठवा. दोन्ही नसेल, तर आपोआप पुन्हा पाठवणं आजच बंद करा आणि अडकलेली बिलं रोज संध्याकाळी बँकेच्या विवरणाशी ताडून हातानं मिटवा.